वाकड्या दस्त्याची बंदूक

१

रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की आम्ही दोघं फिरायला जातो. दोघं म्हणजे मी आणि माझी बायको. पण रस्त्यावरच्या माणसाला आम्ही बरोबर आहोत असं वाटायचं नाही, कारण मी पुढे असायचो आणि ती मागे, मधून एखादी हातगाडी आरामात जाईल एवढं अंतर. लग्न झाल्यापासूनचं हे असं. माझे पाय लांब, तिचे आखूड, त्यात ती प्रत्येक दुकानाच्या काचेपाशी थांबणार.

"एखाद दिवशी मला कुणी उचलून नेलं ना, तरी घरी पोचेपर्यंत तुम्हाला कळायचं नाही!" ती मागून ओरडायची.

"नेणारा स्वतःच आणून सोडेल," मी पुढून ओरडायचो. मागे वळून बघायची गरज मला कधी वाटली नाही.

मी शिंपी आहे. खाली दुकान, वर घर, मधे लाकडाच्या फळ्यांची जमीन. खाली इस्त्री आपटली की वर कप किणकिणतात. मी तापट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात. तसं काही नाही, मला वाकडी शिवण तेवढी सहन होत नाही. आणि नेमकी त्या वर्षी माझ्याच घरात एक वाकडी शिवण येऊन बसली होती. बायकोसाठी मी थंडीचा कोट शिवायला घेतला होता, गडद हिरव्या लोकरीचा. सगळा उत्तम उतरला, पण डावा खांदा काही केल्या बसेना. उसवला, पुन्हा शिवला. आतलं पॅड बदललं. टेबलावर ठेवला की झकास, तिच्या अंगावर चढवला की डावीकडे खाली ओढल्यासारखा.

"शिवता येईना, खांदा वाकडा," बायको म्हणाली.

मी वैतागून तो कोट खुंटीला टांगून ठेवला. वैतागायला तेव्हा मला कारण लागतच नव्हतं. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, ऑपरेशन करूनही नजर आली नाही. सुई मी डाव्या डोळ्यानं ओवतो, त्यात काही अडत नाही. अडलं ते रविवारी. तरुणपणापासून दर रविवारी मी नेमबाजीच्या क्लबात जायचो. यंत्रातून मातीची चकती आकाशात सुटते, ती बंदुकीनं फोडायची. माझी बंदूक उजव्या खांद्याला, आणि नेमाचा डोळाही उजवाच. तो गेला आणि मी बंदूक विकून टाकली. रविवारी घरात बसून मी इतका किरकिर करायचो, की बायकोनं एकदा मला क्लबात नुसतं बघायला जाऊन बसा म्हणून सुचवलं, आणि माझं तोंड बघून पुन्हा तो विषय काढला नाही.

२

बंदूकवाला माझा जुना दोस्त. एका सकाळी त्याचा फोन आला. "काण्या, ताबडतोब ये. तुझ्या नावानं आकाशातून एक वस्तू पडलीय."

त्याच्या काउंटरवर मऊ कापडावर ती ठेवलेली होती. जुनी दुनळी, माझ्या वडिलांच्या वयाची असेल, पण अंगावर गंजाचा एक ठिपका नाही. नळ्यांचं पोलाद काळंभोर. लाकडाला वर्षानुवर्षं तेल पाजून पाजून आलेली झळाळी. बिजागरी उघडली तर आवाज नाही, मिटली तर एकच मऊ टक्. मी म्हटलं, ही वस्तू माझ्या खिशाला झेपणारी नव्हे. त्यानं किंमत सांगितली. एका चांगल्या सुटाच्या शिलाईएवढी.

"चोरीची आहे का?"

"मूर्खा, दस्ता बघ."

दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, चांगला चार बोटं वाकडा होता. मोडलेला नव्हे, मुद्दाम तसा घडवलेला. बंदूक टेकायची उजव्या खांद्याला, पण गाल इतका आडवा जातो की नेम धरतो डावा डोळा. "उजवा डोळा गेलेल्या कुणीतरी बनवून घेतली," बंदूकवाला म्हणाला. "असं गिऱ्हाईक मी कुठून आणू? एक तूच."

बंदूक अंगाला बसते की नाही, याची एक साधी परीक्षा असते. बंदूक रिकामी आहे हे नळ्यांतून आरपार बघून घ्यायचं. मग एखाद्या वस्तूवर नजर ठेवायची, डोळे मिटायचे, मिटल्या डोळ्यांनी बंदूक खांद्याला आणायची आणि मग उघडायचे. बंदूक आपल्या मापाची असेल तर नळीच्या टोकावरचा पितळी मणी नेमका त्या वस्तूवर असतो. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नजर ठेवली, डोळा मिटला, उघडला. मणी दिनदर्शिकेच्या खिळ्यावर. पुन्हा केलं, पुन्हा खिळ्यावर.

मला खरं तर तिथंच खटकायला हवं होतं. जन्म कापडात गेला माझा. दुसऱ्यासाठी शिवलेला कोट आपल्याला जवळपास बसतो, अगदी बरोबर कधीच बसत नाही. ही मात्र माझं माप घेऊन केल्यासारखी बसली होती. पण हरखलेल्या माणसाला कुठली अक्कल?

"कुणाची?" मी विचारलं.

"एक बाई विकून गेल्या. नवरा वारला. आधीच सांगतो, म्हातारपणानं, झोपेत. बाईंची एकच अट होती, घेणारा लग्नाचा हवा." तो हसला. "बंदूक नव्हे, जशी काही मुलगीच द्यायची होती!"

मीही हसलो. लायसन्स होतंच, कागदपत्रं त्यानं पुरी केली, आणि बंदूक घरी आली.

३

बायकोनं ती बघितली आणि म्हणाली, "चला, आता रविवारी तरी मला घर मोकळं मिळेल." पण ती खूष होती. मी शीळ घालतोय हे तिनं दोनदा बोलून दाखवलं.

काडतुसं घरात नसतात, ती क्लबात मिळतात. तरीही बिजागरी उघडून मी नळ्यांतून उजेड बघितला. बायको आत चहा करत होती. मी खोलीच्या मधोमध खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, खिडकीच्या कडीवर नजर ठेवली आणि डोळा मिटला. बंदूक खांद्याला आणली, डोळा उघडला.

मण्यापलीकडे माझी बायको होती.

ती आतल्या दारात हातात कप घेऊन उभी होती. मी खिडकीकडे पाठ करून पुरता तिच्याकडे वळलो होतो, आणि वळल्याचं मला कळलंही नव्हतं.

"अहो! काय चाललंय काय!"

मी नळी झटकन जमिनीकडे केली. क्लबात पहिल्या दिवशी शिकवतात, बंदूक रिकामी असो वा भरलेली, माणसाकडे धरायची नाही. इतक्या वर्षांत माझ्याकडून हे कधीही घडलं नव्हतं. मी तिची माफी मागितली, आणि माफी माझ्या तोंडून इतकी दुर्मिळ की बायकोच घाबरली.

"कप वाजला असेल, म्हणून वळला असाल," ती म्हणाली.

असेल. कानानं ऐकलं आणि अंग वळलं, त्यात काय मोठं? मी बंदूक पोलादी कपाटात ठेवली आणि चहा प्यायलो. चहा गार झाला होता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको खाली दुकानात इस्त्री करत होती. वर मी एकटा. ती खोलीतच नाही म्हटल्यावर नियम मोडायचा प्रश्नच नव्हता. खिडकीच्या कडीवर नजर, डोळा मिट, खांद्याला, उघड.

नळी जमिनीकडे होती. मी कमरेत वाकून, मान खाली घालून, दोन फळ्यांमधल्या फटीवर नेम धरून उभा होतो. खालून इस्त्री घासल्याचा आवाज येत होता. नेमका त्याच जागेखालून.

पुन्हा आवाजच, मी स्वतःला समजावलं. कान तिकडे जातो, त्यामागून अंग जातं. शिंप्याच्या घरात कापूस असतोच. दोन्ही कानांत गच्च बोळे कोंबले, जागच्या जागी दोन-चार गिरक्या घेतल्या आणि पुन्हा केलं. ती खाली आहे हे मला ठाऊक होतं, तेव्हा नळी वळलीच तर खाली वळेल, असा माझा हिशेब.

डोळा उघडला तेव्हा मी खिडकीशी होतो. नळी पडद्याच्या फटीतून रस्त्याकडे. मण्याच्या रेषेत समोरचा फुटपाथ, औषधांच्या दुकानाची पायरी, आणि पायरीवर गप्पा मारत उभी असलेली माझी बायको. ती बाहेर गेलीय याचा मला पत्ता नव्हता.

मी जमिनीवर बसून बंदूक उघडून मांडीवर ठेवली. कानात कापूस असल्यामुळे मला माझीच छाती धडधडताना ऐकू येत होती. रस्त्यावरून कुणी वर बघितलं असतं तर? पण भीती ती नव्हती. भीती माझीच होती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात; माझ्या मनात हिच्याबद्दल असं काय होतं, जे मला ठाऊक नाही आणि हातांना ठाऊक आहे? आम्ही भांडतो, मान्य. ती बोलते फार आणि मी चिडतो फार. पण ती तासभर उशिरा आली तर मला जेवण जात नाही, हेही माझं मलाच ठाऊक.

ती वर आल्यावर मी कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

५

बायकोला अर्धवट सांगून चालत नाही. तिनं सगळं वदवून घेतलं.

"तुम्हाला मला मारायचं असतं ना," ती म्हणाली, "तर तुमच्याकडे केवढाल्या कात्र्या आहेत. बंदूक कशाला घ्याल? भित्यापाठी ब्रह्मराक्षस! आणा ती, माझ्यासमोर करून दाखवा."

"वेडी आहेस का? माणसावर बंदूक धरत नाहीत."

"मग तुम्ही आयुष्यभर मला घाबरून राहणार. ते मला नाही चालायचं. एरवी घाबरता ते ठीक आहे."

तिनं स्वतः कपाट उघडलं. माझ्याकडून बिजागरी उघडायला लावली, दोन्ही नळ्यांतून खिडकीचा उजेड बघितला, करंगळी घालूनही बघितली. मग बंदूक माझ्या हातात देऊन समोरच्या भिंतीपासून थोडी अलीकडे, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. लख्ख दुपार होती. माझी पाचावर धारण बसली होती, आणि ती हाताची घडी घालून अशी उभी होती, जणू कुणी तिचा फोटो काढणार आहे. मी बाजूच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली, डोळा मिटला, बंदूक उचलली.

डोळा उघडल्यावर आधी मला ती दिसली. मग मी मण्याकडे बघितलं. आधी घाईत मी नीट बघितलंच नव्हतं.

"तुझ्यावर नाही!" मी ओरडलो. "अगं, तुझ्यावर नाहीच आहे!"

खरोखर नव्हता. मणी तिच्या डाव्या खांद्याच्या वर होता, चांगला वीतभर. मी बंदूक खाली ठेवली आणि हसायलाच लागलो. जिवात जीव आला. तीही हसली, डोळे पुसले, "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणाली.

आणि मग तिनं विचारलं, "मग कुणावर होती?"

"कुणावर म्हणजे? तुझ्या खांद्यावरून मागे. भिंतीवर."

पण माझा धंदा मापांचा. मण्याची रेषा भिंतीवर कुठे जात होती ते मी बघितलं होतं, आणि बायकोची उंची मला टेप न लावता सांगता येते. तिच्या डाव्या खांद्यामागे कुणी उभं असतं, माझ्याएवढ्या उंचीचं, तर त्याचं तोंड बरोबर तिथं आलं असतं. मी हे बोललो नाही. तिचा उजवा हात नकळत डाव्या खांद्यावर गेला आणि चोळत राहिला.

"हल्ली दुखतो हा," ती म्हणाली. "पिशव्या उचलून असेल."

६

त्या रात्री झोप लागली नाही एवढंच सांगतो. सकाळी दुकानात कुणी नसताना मी तो हिरवा कोट खुंटीवरून काढला.

"ये जरा आरशासमोर."

"आता? कोटाचं काय मधेच?"

"ये म्हटलं ना."

दुकानातला आरसा पुरुषभर उंचीचा आहे. ती समोर उभी राहिली, मी मागून कोट चढवला आणि मुद्दाम बाजूला झालो, हात न लावता. कॉलर सरळ, पाठ सरळ, उजवा खांदा सुरेख. डावा खालीच. आजवर मी फक्त शिवण बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कापड बघितलं.

लोकर दबलेली होती. खांद्याच्या पुढच्या कडेला चार खळगे, जवळजवळ, एका रांगेत. मागच्या बाजूला एक. पॅडमधला कापूस असा दबत नाही, कापूस सगळीकडून बसतो. मी बघत राहिलो. चारांतला एक खळगा हळूच भरून आला आणि शेजारी पुन्हा उमटला, जशी एखाद्यानं बोटं जरा सैल करून परत टेकवावीत.

"काय झालं?" बायको आरशातून माझ्याकडे बघत होती. "तोंड का असं झालंय?"

"काही नाही. पॅड बदलायला पाहिजे."

मी कोट काढून घेतला. खांद्याला हात लावायचं धाडस मला झालं नाही. एक गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात आली आणि तिनं मला विचित्र धीर दिला. कोट बिघडला तो बंदूक यायच्या कितीतरी आधी. म्हणजे बंदुकीनं काही आणलं नव्हतं. तिनं फक्त दाखवलं होतं.

७

बंदूकवाल्यानं पत्ता द्यायला खळखळ केली, पण दिला. बंदूक कपाटात ठेवून आम्ही दोघं त्या बाईंकडे गेलो. जुनी इमारत, लिफ्ट बंद. सवयीनं मी भराभर वर चढलो आणि बेल वाजवली तेव्हा बायको अजून खालच्या वळणावर धापा टाकत होती.

बाई ठेंगण्या होत्या, अंगात घरगुती स्वेटर. त्यांनी माझ्या उजव्या डोळ्याकडे बघितलं आणि लगेच ओळखलं. मग माझ्या मागे, जिन्यावरून येणाऱ्या माझ्या बायकोकडे बघितलं. तिच्याकडे बघून त्या हसल्या. मग त्यांची नजर तिच्या खांद्याच्या जरा वर गेली आणि तिथं त्यांचं हसू थांबलं.

"या, आत या."

मी आत गेलो, बायको आत आली. बाई दार उघडं धरूनच उभ्या.

"मी लावू का दार?" मी विचारलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं लावलं.

बसल्यावर त्यांनी विचारलं, "बंदूक चांगली आहे ना?"

"बंदूक उत्तम आहे. ती बघते कुठं, ते विचारायला आलोय."

त्यांना नवल वाटलं नाही. "आमचे हे पण असेच पांढरेफटक पडले होते."

"काय आहे ते?" मी विचारलं. माझा आवाज चढला. "सरळ सांगा बाई, माझ्या बायकोचा प्रश्न आहे."

"मला काय माहीत? मी कधी बघितलं नाही. स्वतःच्या पाठीमागचं माणसाला दिसतं का कधी?" त्या बायकोकडे वळल्या. "खांदा दुखतो ना गं? दुखायचाच."

बायकोनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले, पण ती ताठ बसून होती.

"मग तुम्ही केलंत काय?" मी म्हटलं.

"मी काहीच नाही. जे केलं ते यांनी. तुम्ही रस्त्यानं चालता कसे हो, पुढे की मागे?"

"पुढे."

"यांचंही तसंच होतं. लांब ढांगा टाकत जायचे. नंतर मात्र माझ्या मागून चालले, शेवटपर्यंत. लोक यांना बायकोचं शेपूट म्हणायचे, पण यांनी जागा सोडली नाही."

"आणि आता? ते नसताना?"

त्या उघड्या गॅलरीकडे पाठ करून निवांत बसल्या होत्या. "हे गेल्यापासूनही खांदा हलकाच आहे. कसा, ते मला विचारू नका. मी तर समजते की हेच आहेत."

"लग्नाचाच माणूस हवा, ही अट का घातलीत?"

"ज्याच्या मागेपुढे कुणी नाही त्याला ती काय दाखवणार?" त्या उठल्या. "जाताना तुम्ही मागे राहा. आणि लाजू नका."

८

जिन्यावर मी बायकोला पुढे जाऊ दिलं. ती दोन पायऱ्या उतरली आणि मी तिच्या मागच्या पायरीवर पाय ठेवला. गर्दीत कुणाच्या तरी पायावर पाय पडावा तसं झालं. "माफ करा," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"कुणाला म्हणताय?" तिनं न वळता विचारलं.

"तुलाच."

वर बाईंच्या दाराची कडी तत्काळ लागली.

रस्त्यावर आणखीच गंमत. आयुष्यभर माझ्या पाठीकडे बघून चाललेल्या बायकोला रस्ताच ठाऊक नव्हता. ती भलत्याच गल्लीत वळली, परत फिरली, चौकात थांबून "डावीकडे ना?" म्हणाली. मला हसू यायला हवं होतं, पण मी सगळा वेळ तिच्या डाव्या खांद्यामागची ती जागा धरून ठेवण्यात गुंतलो होतो. बाकावर कुणी आधीपासून बसलंय आणि आपण कडेला टेकून हळूहळू सरकत आत जातो, तसं ते चाललं होतं. गार लागत होतं, फक्त उजव्या बाजूला.

आणि सवयीप्रमाणे ती एका दुकानाच्या काचेपाशी थांबली.

मी तिला अगदी लागून उभा होतो. माझ्या कोटाची बटणं तिच्या पाठीला टेकत होती. काचेत मात्र आम्ही दोघं लांब लांब होतो. काचेत ती पुढे होती, मी मागे, आणि आमच्यामधे एक माणूस मावेल एवढी जागा. त्या जागेत काहीच दिसत नव्हतं. समोरच्या रस्त्यावरचा दिवासुद्धा तिथं दिसत नव्हता.

मला भीती वाटली, ती सांगायला शब्द नाहीत. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. माझी बायको, माझ्या मागून चालणारी, आणि मी एकदाही वळून बघितलं नाही. ती जागा मी मोकळी सोडली आणि कुणीतरी आयती बळकावली. मी हात उचलला आणि तिच्या डाव्या खांद्यावर ठेवला. भर रस्त्यात मी असं कधी केलं नव्हतं. तळव्याखाली कापड बर्फासारखं गार. त्याखाली काहीतरी आणखी होतं. मी दाबला. माझ्या बोटांखालून एक एक करून काहीतरी निसटलं, जड हातानं हात काढून घ्यावा तसं.

काचेत मी एकदम तिच्या जवळ आलो. मागे दिवा दिसायला लागला.

"अहो," बायको म्हणाली, "लोक बघताहेत."

"बघू देत."

मग तिनं दोन्ही खांदे उचलून खाली सोडले, मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली. "हलकं वाटतंय हो," ती म्हणाली. "किती दिवसांनी हलकं वाटतंय."

मीही रडलो. शिंप्यानं रस्त्यात रडू नये असा काही कायदा नाही.

९

घरी पोचल्याबरोबर मी तिला आरशासमोर उभी केली. काहीही उसवलं नाही, पॅड बदललं नाही, तोच कोट तसाच अंगावर चढवला. डावा खांदा बसला. कॉलरपासून बाहीपर्यंत एक सुरकुती नाही. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं, टेप लावला, खडूनं उगाच एक रेघ मारली आणि पुसली.

"शिवता आलं एकदाचं," बायको म्हणाली.

रविवारी मी तिला क्लबात घेऊन गेलो. म्हणजे तिनं मला नेलं, मी मागे होतो. मित्रांनी थट्टा केली, बंदूकवाला तर म्हणाला, "काण्या, वरात उलटी निघाली की रे तुझी!" ती माझ्या मागच्या बाकावर हिरवा कोट घालून बसली. मी आधी बंदूक उघडून रिकामी आहे हे बघितलं. चकत्या सोडणाऱ्या यंत्राच्या छपरावर नजर ठेवली आणि डोळा मिटला. बंदूक खांद्याला आणताना माझ्या कपाळावर घाम होता. समजा डोळा उघडल्यावर मी पुन्हा तिच्याकडे वळलेला असलो तर?

डोळा उघडला. मणी छपरावर.

पुन्हा केलं, पुन्हा छपरावरच. मग मी काडतूस भरलं आणि "सोडा!" म्हटलं. चकती डावीकडून वर गेली, बंदूक आपोआप तिच्या वाटेवर गेली, आणि आकाशात काळी धूळ उडाली. मागे बाकावर एकट्या माझ्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला दोन्ही डोळे असतानाही झाला नव्हता.

बंदूक अजून माझ्याकडेच आहे. महिन्यातून एकदा, दुपारी, नळ्यांतून उजेड बघून घेतो आणि घरात ती परीक्षा करतो. मणी खिडकीच्या कडीवर असतो. हायसं वाटतं, बंदूक कपाटात जाते.

फिरायला आम्ही रोज जातो. ती पुढे, मी मागे, तिच्या डाव्या खांद्याला धरून. तिला रस्ते आता पाठ झालेत. काचेपाशी थांबली की मीही थांबतो आणि काचेत बघतो. लोक मला शेपूट म्हणतात का, ते मला ठाऊक नाही, आणि विचारायचंही नाही.

फक्त एकदा, सुरुवातीला, बायकोनं विचारलं होतं, "माझ्या मागे तुम्ही. मग तुमच्या मागे कोण?"

मग तिनंच एक पद्धत पाडली. तेव्हापासून आम्ही घरातून निघायच्या आधी ती मला दारातल्या उजेडात उभा करते, खांद्याला धरून पुरता वळवते, माझ्या कोटाची पाठ वरून खाली नीट बघते, दोन्ही खांद्यांवरून हात फिरवते. मी श्वास रोखून उभा राहतो.

"छान बसलाय हो," ती म्हणते. "चला."